बाहेरच्या पैशातून चालणारा प्रोजेक्ट: नवीन पीआयने पॉलिसी आणि करार कसा वाचावा

प्रोजेक्ट मंजूर झाला की अभिनंदनाचे मेसेज येतात, डिपार्टमेंटमध्ये पेढे वाटले जातात, आणि आठवड्याभरात ऑफिसमधून निरोप येतो की सर, अंडरटेकिंग द्या, रिसर्च पॉलिसी वाचून सही करा, प्रोजेक्टचं वेगळं खातं काढायचंय, पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैशाच्या पोर्टलवर, नोंद करायचीय, एजन्सीला करार पाठवायचाय. इथून पुढे नवीन माणूस गडबडतो, कारण पीएचडी करताना हे कोणी शिकवलेलं नसतं आणि गाईडने हे सगळं परस्पर निस्तरलेलं असतं. हा लेख अशा नवीन प्राध्यापकांसाठी आहे, त्यातही महाराष्ट्रातल्या कॉलेजांत आणि विद्यापीठांत पहिल्यांदा पीआय, म्हणजे प्रोजेक्टचे मुख्य संशोधक, होणाऱ्यांसाठी.

आधी मुळात हे प्रकरण काय ते बघू. पॉलिसीत एक्स्टर्नली स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट किंवा बाह्य अनुदानित प्रकल्प असं लिहिलेलं असतं आणि व्याख्या प्रत्येक ठिकाणी थोडी वेगळी असते, पण सगळीकडे चार गोष्टी सापडतात. पैसा संस्थेच्या बाहेरून येतो. तो ठरावीक कामासाठी येतो, म्हणजे प्रपोजल, कालावधी आणि बजेट लिहून मान्य झालेलं असतं. त्याचा हिशोब आणि रिपोर्ट देणाऱ्याला द्यावा लागतो. आणि चौथी गोष्ट, जी सगळ्यात जास्त लोक विसरतात, ती म्हणजे हा पैसा संस्था स्वीकारते, तुम्ही नाही. सँक्शन ऑर्डरवर तुमचं नाव पीआय म्हणून असतं, पण चेक, खातं, करार, जीएसटी नंबर, मशीनची मालकी, ऑडिटचं उत्तर, सगळं संस्थेच्या नावावर. "माझा प्रोजेक्ट, माझे पैसे" असं डोक्यात धरून चाललात की पुढची प्रत्येक अट जाच वाटते, आणि संस्थेच्या वतीने दिलेलं वचन आपण पाळतोय असं धरलं की त्याच अटी बऱ्याचशा समजतात.

पहिलं काम: हा पैसा नक्की कुठल्या प्रकारचा आहे ते ठरवा

समजा तुम्ही केमिस्ट्रीचे प्राध्यापक आहात आणि जवळच्या साखर कारखान्याला त्यांच्या डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशबद्दल, म्हणजे तिथून निघणाऱ्या सांडपाण्याबद्दल, मदत हवीय. कारखाना सॅम्पल पाठवतो, तुम्ही सीओडी बीओडी, म्हणजे पाण्यातल्या प्रदूषणाची मापं, काढून देता, दर सॅम्पलमागे ठरलेले पैसे मिळतात, ही झाली टेस्टिंग. तोच कारखाना म्हणतो की सर, आमच्या ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाला, येऊन बघा आणि काय बदलायचं ते लिहून द्या, ही कन्सल्टन्सी, कारण तुमच्याकडे आधीपासून असलेलं ज्ञान ते विकत घेतायत. मग ते म्हणतात की स्पेंट वॉशमधून पोटॅश काढायची स्वस्त पद्धत दोन वर्षांत शोधून द्या, त्यासाठी एक माणूस ठेवा, मशीन घ्या, दर सहा महिन्यांनी रिपोर्ट द्या. आता हा स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट, कारण उत्तर अजून कोणालाच माहीत नाही आणि काम शोधाचं आहे. आणि चेअरमन साहेबांनी वर्धापनदिनाला येऊन लॅबसाठी २ लाखांचा चेक दिला, बदल्यात काही मागितलं नाही, तर ती देणगी, तिचा प्रोजेक्टशी संबंध नाही आणि तिची पावती संस्थेच्या देणगी खात्यातून जाते.

कारखाना तोच आणि माणसंही तीच असली तरी ओव्हरहेड, म्हणजे संस्थेचा हिस्सा, वेगळा, टॅक्स वेगळा, तुम्हाला मानधन घेता येतं की नाही ते वेगळं, शोध कोणाच्या मालकीचा ते वेगळं. कन्सल्टन्सीच्या फीमधून शिक्षकाला वाटा मिळतो, तो किती हे पॉलिसीत लिहिलेलं असतं. सरकारी अनुदानाच्या प्रोजेक्टमधून पीआयला पगारासारखं काही सहसा घेता येत नाही. एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीतसुद्धा स्पॉन्सर्ड रिसर्च आणि कन्सल्टन्सी वेगवेगळे मोजले जातात, त्यामुळे वर्षअखेरीला आयक्यूएसीवाले, म्हणजे गुणवत्ता कक्षाच्या, मॅडम यादी मागतात तेव्हा चुकीच्या रकान्यात टाकू नका, नंतर पुरावा जोडताना अडचण होते.

थोडं फसवं प्रकरण म्हणजे विद्यापीठाने संलग्न कॉलेजातल्या शिक्षकाला दिलेलं मायनर रिसर्चचं अनुदान. विद्यापीठाच्या नजरेत ते आतलं, कॉलेजच्या नजरेत बाहेरचं. इथे स्वतःच्या मनाने ठरवू नका, तुमच्या कॉलेजच्या पॉलिसीतली व्याख्या उघडा. कॉलेजने स्वतःच्या फंडातून दिलेली सीड मनी मात्र कुठेच बाहेरची धरली जात नाही. विद्यार्थ्याला त्याच्या नावाने मिळालेली फेलोशिप, म्हणजे सारथी, बार्टी, महाज्योतीची वगैरे, तोही प्रोजेक्ट नाही, ती त्या विद्यार्थ्याची.

देणारा कोण आहे त्यावर अर्धे नियम ठरतात

केंद्राच्या एजन्सी म्हणजे जैवतंत्रज्ञानासाठी डीबीटी, वैद्यकीय संशोधनासाठी आयसीएमआर, सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआर, आणि पूर्वीचं विज्ञान-अभियांत्रिकी संशोधन मंडळ, ज्याला सगळे सर्ब म्हणायचे, ते आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, एएनआरएफ. २०२३ च्या कायद्याने हे आलं आणि सर्ब त्यात विलीन झालं, त्यामुळे सिनिअर लोक अजून सर्ब सर्ब म्हणत असले तरी नव्या कागदांवर नाव नीट बघून घाला. राज्यात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे. या सरकारी पैशाला जनरल फायनान्शिअल रूल्स २०१७ किंवा राज्याचे वित्तीय नियम लागतात, आणि ते तुमच्या कॉलेजच्या पॉलिसीपेक्षा वरचढ असतात, पॉलिसीत काही सवलत दिसली तरी.

कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, पैसा वेगळा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली पात्र कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि परिशिष्ट ७ मध्ये सार्वजनिक विद्यापीठं, आयआयटी, राष्ट्रीय प्रयोगशाळा अशा संस्थांतलं ठरावीक संशोधन बसतं. पण सीएसआरचा पैसा कंपनीच्या धंद्याच्या फायद्यासाठी वापरता येत नाही. त्यामुळे कंपनी एकीकडे सीएसआरमधून पैसे देतो म्हणते आणि दुसरीकडे पेटंट आमच्या नावावर हवं म्हणते, तेव्हा सरळ सांगायचं की मग हे सीएसआर होत नाही, स्पॉन्सर्ड रिसर्चचा करार करू. हे नम्रपणे पण लेखी सांगा.

परदेशी पैसा असेल तर प्रपोजल पाठवायच्या आधीच अकाउंट सेक्शनला विचारा. विदेशी अंशदान कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, संस्थेची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी किंवा सूट आहे का ते बघावं लागतं. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो आणि तो पुढे दुसऱ्या संस्थेला वळता करता येत नाही, म्हणजे पार्टनर कॉलेजला त्यांचा हिस्सा देऊ हा बेत तिथेच अडतो. आरोग्याचं संशोधन आणि परदेशी भागीदार असं असेल तर आयसीएमआरमधल्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी, आणि जैविक नमुने बाहेर पाठवायचे असतील तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम, हेही आलंच. यातलं प्रत्येक काम महिने खातं, म्हणून वेळापत्रकात आधीच धरा.

सही कोणाची

हे छोटं वाटतं पण इथेच करार लटकतात. पीआय करारावर संस्थेच्या वतीने सही करू शकत नाही. विद्यापीठात कुलसचिव किंवा अधिकार दिलेले डीन करतात. खाजगी कॉलेजात तर अजून एक पायरी, कारण बऱ्याच वेळा कॉलेज ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती नसतेच, तिची मालक असते शिक्षण मंडळ किंवा प्रसारक मंडळ, ज्याची नोंदणी सोसायटी आणि सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे असते. मग करारात पक्ष म्हणून कोणाचं नाव लिहायचं, प्राचार्यांना सहीचा अधिकार देणारा ठराव आहे का, हे आधी विचारून घ्या. खाजगी संस्थेला केंद्राच्या अनुदानासाठी नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा नंबरही बहुतेक ठिकाणी मागतात. आणि महाराष्ट्रात पूर्वी साधे करार १०० रुपयांच्या स्टॅम्पवर व्हायचे ते ऑक्टोबर २०२४ पासून ५०० वर गेलेत, अजून जुन्या सवयीने १०० चा कागद आणणारे भेटतात.

बजेट करताना

तीन वर्षांचा प्रोजेक्ट आणि एक जेआरएफ, म्हणजे प्रोजेक्टवर नेमलेला ज्युनिअर रिसर्च फेलो, धरू. २०२३ मध्ये सुधारलेल्या दरांनी जेआरएफला महिना ३७,०००, एसआरएफला, म्हणजे सिनिअर रिसर्च फेलोला, ४२,००० आहेत. दोन वर्षं जेआरएफ म्हणजे ८,८८,०००, तिसऱ्या वर्षी एसआरएफ झाला तर ५,०४,०००, एकूण १३,९२,०००, आणि यावर घरभाडे भत्ता तुमच्या शहराच्या दराने. बरेच नवे पीआय तिसऱ्या वर्षालाही ३७,००० च धरतात आणि घरभाडं विसरतात, मग शेवटच्या वर्षी त्या पोराचा पगार थकतो. कृपया असं होऊ देऊ नका, त्याच्या घरी त्या पैशावर लोक अवलंबून असतात.

मशीन हे नॉन-रिकरिंग, म्हणजे एकदाच होणारा खर्च, बाकी मॅनपॉवर, कंझ्युमेबल्स, प्रवास, कंटिन्जन्सी (किरकोळ खर्च) हे रिकरिंग. एका हेडचा, म्हणजे खर्चाच्या शीर्षाचा, पैसा दुसऱ्या हेडमध्ये हलवायचा असेल तर त्याला री-अप्रोप्रिएशन म्हणतात आणि किती हलवता येतं, कोणाच्या परवानगीने, हे सँक्शन ऑर्डरच्या अटींत असतं. नॉन-रिकरिंगला हात लावायचा तर एजन्सीची लेखी परवानगी लागेलच असं धरून चाला. ओव्हरहेड म्हणजे वीज, पाणी, जागा, ऑफिसचा वेळ यासाठी संस्थेचा हिस्सा. सरकारी एजन्सी शैक्षणिक संस्थांना साधारण १० टक्क्यांच्या आसपास देतात आणि त्यावर मर्यादाही घालतात, इंडस्ट्रीच्या कामात संस्था जास्त घेतात. माझं मत असं की ओव्हरहेडवरून ऑफिसशी भांडण्यापेक्षा त्यातला काही भाग डिपार्टमेंटला परत येतो का हे पॉलिसीत शोधा, बऱ्याच चांगल्या संस्थांत येतो, पण मागितल्याशिवाय मिळत नाही.

जीएसटीचं आता जरा सोपं झालंय. ऑगस्ट २०२४ मध्ये आयआयटी दिल्लीला संशोधन अनुदानांवर सुमारे १२० कोटींची जीएसटी नोटीस गेली आणि सगळ्या शैक्षणिक क्षेत्रात धडकी भरली. मग सप्टेंबरच्या जीएसटी कौन्सिलमध्ये निर्णय झाला आणि १० ऑक्टोबर २०२४ पासून सरकारी संस्था, आणि आयकर कायद्याखाली संशोधनासाठी अधिसूचित असलेली विद्यापीठं, कॉलेजं, संशोधन संस्था यांना अनुदानाच्या रूपाने मिळालेल्या संशोधनाच्या पैशावर सूट मिळाली, देणारा सरकारी असो की खाजगी. पण तुमची संस्था या व्याख्येत बसते का ते अकाउंट सेक्शनकडून लेखी घ्या. कन्सल्टन्सी आणि टेस्टिंगवर १८ टक्के जीएसटी लागतोच, तेव्हा कंपनीला कोटेशन देताना "अधिक जीएसटी" हे दोन शब्द टाकायला विसरू नका, नाहीतर तो भुर्दंड तुमच्या प्रोजेक्टमधून जातो.

करारातली कलमं, आणि इथे वेळ द्या

सरकारी अनुदानात करार छापील असतो, बदल होत नाहीत, फक्त नीट वाचून ठेवायचा. कंपनीबरोबरचा करार मात्र कंपनीच्या वकिलाने लिहिलेला येतो आणि तो कंपनीच्याच बाजूचा असतो, यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, तो पहिला मसुदा असतो आणि त्यावर बोलणी होतात.

सगळ्यात आधी कामाची व्याप्ती वाचा. "पद्धत विकसित करून देणे" आणि "पद्धत विकसित करण्याचा प्रयत्न करून निष्कर्ष देणे" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण पहिल्यात पोटॅश नाही निघालं तर तुम्ही करार मोडलात. संशोधनात निकालाची हमी देऊ नका, कामाची द्या. पैसे कुठल्या टप्प्यावर येणार तेही इथेच बघा, आणि पहिला हप्ता काम सुरू व्हायच्या आधी आलाच पाहिजे असं लिहून घ्या, कारण जेआरएफचा पगार पहिल्या महिन्यापासून द्यायचाय.

मग बौद्धिक संपदा. तुमच्याकडे प्रोजेक्टच्या आधीपासून जे आहे ते तुमच्या संस्थेचंच राहणार हे स्पष्ट लिहिलेलं हवं. प्रोजेक्टमध्ये नवीन जे निघेल ते संस्थेचं, कंपनीचं की दोघांचं, हे बोलून ठरतं. कंपनी पूर्ण खर्च करत असेल तर तिला लायसन्सचा पहिला हक्क देणं रास्त आहे, पण पुढच्या संशोधनासाठी आणि शिकवण्यासाठी ते वापरायचा हक्क संस्थेकडे ठेवा. "प्रकल्पाशी संबंधित सर्व ज्ञान कंपनीचे" असं एक वाक्य कुठेतरी नवव्या-दहाव्या पानावर असतं, ते शोधा आणि छाटा.

पब्लिकेशनचं कलम तुमच्या विद्यार्थ्यासाठी वाचा. कंपनीने पेपर आधी बघायला ३० किंवा ६० दिवस मागितले तर द्यावेत, कारण पेपर आधी छापला की नावीन्य जातं आणि भारतात पेटंट मिळणं कठीण होतं, सवलती फार मोजक्या आहेत. पण "कंपनीच्या परवानगीशिवाय प्रकाशन नाही" याला होकार देऊ नका, त्या कामावर कोणाची पीएचडी अवलंबून असेल तर थीसिस सादर करता येईल हे वेगळं लिहून घ्या. परदेशात पेटंट टाकायचं असेल तर पेटंट कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे आधी भारतात अर्ज करून ६ आठवडे थांबायचं किंवा परवानगी घ्यायची. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून पेटंट फीमध्ये ८० टक्के सवलत आहे, तेव्हा फी जास्त म्हणून कंपनीच्या गळ्यात सगळं घालायची गरज नाही.

नुकसानभरपाईची मर्यादा प्रोजेक्टच्या रकमेइतकीच ठेवा, अमर्याद कधीच नको. करार मध्येच संपवायची नोटीस किती दिवसांची आणि तोपर्यंत ठेवलेल्या माणसाचा पगार कोण देणार तेही बघा. भांडण झालं तर कोर्ट कुठलं, यावर संस्था हटून बसतात आणि बरोबरच करतात.

चालू प्रोजेक्ट आणि मार्च एंडिंग

खरेदीचे नियम संस्थेचे, तुमचे नाहीत. केंद्राच्या वैज्ञानिक संस्थांसाठी जून २०२५ मध्ये थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख झाली, पण तुमच्या कॉलेजला ती लागू आहे असं गृहीत धरून ऑर्डर देऊ नका, आधी विचारा. मशीन आलं की डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नोंद, मशीनवर प्रोजेक्टचा नंबर, आणि बिलाच्या मागे नोंदीचा पान क्रमांक. हे त्याच दिवशी करायचं.

यूसी म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट, केंद्राच्या पैशाला जीएफआर १२-ए या नमुन्यात. समजा पहिला हप्ता ९,००,००० आला, त्यावर ११,००० व्याज मिळालं, खर्च ७,८०,००० झाला. तर शिल्लक १,२०,००० आणि व्याज वेगळं. ते ११,००० तुमचे नाहीत, ते भारतकोश या सरकारी पोर्टलवरून सरकारला परत भरायचे आणि चलन यूसीला जोडायचं. ऑर्डर दिलेली पण बिल न आलेली रक्कम खर्चात दाखवू नका, ती कमिटेड म्हणून वेगळी दाखवतात. यूसी वेळेत गेलं नाही की पुढचा हप्ता थांबतो, आणि काही वेळा संस्थेतल्या दुसऱ्या पीआयचेही पैसे अडकतात. आता बऱ्याच योजनांत पैसा खात्यात पडून राहतच नाही, झिरो बॅलन्स खातं आणि खर्चाची मर्यादा मिळते, ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा जाते. म्हणून मोठी खरेदी डिसेंबरच्या आत उरका.

को-पीआय, म्हणजे सहसंशोधक, घेताना कामाची वाटणी लिहून ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१८ च्या रेग्युलेशनमध्ये १० लाखांवरच्या पूर्ण झालेल्या प्रोजेक्टला १० गुण आहेत, त्याखालच्याला ५, आणि संयुक्त असेल तर पीआय आणि को-पीआयला निम्मे निम्मे. नुसतं नाव घालून दिलेल्या को-पीआयवरून प्रमोशनच्या वेळी कटुता येते.

बंद करताना

कालावधी संपला की फायनल रिपोर्ट, फायनल यूसी, खर्चाचं स्टेटमेंट, मालमत्तेची यादी आणि शिल्लक रक्कम परत, एवढं गेल्याशिवाय एजन्सीच्या दप्तरी प्रोजेक्ट उघडाच राहतो आणि पुढचं प्रपोजल टाकताना तो आडवा येतो. सरकारी अनुदानातून घेतलेलं मशीन एजन्सीच्या परवानगीशिवाय विकता किंवा मोडीत काढता येत नाही. मध्येच नोकरी बदलली तर प्रोजेक्ट नव्या संस्थेत नेता येतो, पण एजन्सीची लेखी मान्यता आणि दोन्ही संस्थांची ना हरकत लागते, मशीनचं काय हेही त्याच पत्रात ठरवून घ्या. आणि राजीनाम्याच्या नोटीस पिरियडमध्ये हे होत नाही, आधी सुरू करा.

जेआरएफचं शेवटचं बिल, त्याचं अनुभव प्रमाणपत्र आणि नो ड्यूज हे खातं बंद व्हायच्या आधी काढा. खातं बंद झाल्यावर त्याचा थकलेला एक महिन्याचा पगार कुठल्या हेडमधून द्यायचा याला कोणाकडेच उत्तर नसतं, आणि तो दुसऱ्या गावाहून फोन करत राहतो. प्रमाणपत्रावर प्रोजेक्टचं नाव, एजन्सीचं नाव आणि नेमणुकीच्या तारखा असल्याच पाहिजेत, पुढच्या ठिकाणी नेमकं तेच विचारतात.